अर्धा फेरा

जुन्या लष्करी गाड्यांच्या संग्रहालयात त्याला सगळे हँडलमास्तर म्हणत. रणगाडे, चिलखती गाड्या, जिपा अशी सगळी फौज त्या लांबलचक शेडमध्ये कायमची मुक्कामाला आलेली. त्यांतली जिवंत म्हणावी अशी एकच, जखमींना वाहून नेणारी म्हातारी गाडी; सणासुदीला लोकांसमोर ती सुरू करून दाखवायचे. उभ्या इंजिनाला आतून गंज चढतो, म्हणून दर आठवड्याला त्यात थोडं तेल सोडायचं आणि पुढून हँडल घालून अर्धा फेरा द्यायचा, हेच त्याचं खरं काम. बाकी फडकं काय, कुणीही मारील. बायको गेली त्या आठवड्यातही तो येऊन हँडल मारून गेला होता. लोक हसले. हसेनात का.

मग तो जिन्यावरून पडला आणि खुब्याचं हाड मोडलं. पावसाळ्याचे सगळे महिने मुलीच्या घरी खाटेवर गेले. जावई तेव्हा घरीच बसून होता. मास्तरने साहेबांच्या विनवण्या करून त्याला आपल्या जागी चिकटवलं, आणि अर्धा फेरा कसा द्यायचा ते पडल्या पडल्या हवेत हात फिरवून शिकवलं. जावई गुणी माणूस. नुसतं ऐकून घेण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही.

दर आठवड्याला तो खाटेशी येऊन सांगायचा, "मामा, फिरवलं." हँडल हाताला जड लागलं की हलकं, हा प्रश्न मास्तरच्या अगदी ओठांवर यायचा. पण जावयाची उलटतपासणी कोण करतो? त्यातून मुलगी दारातच उभी असायची, बापाच्या तोंडाकडे बघत. तो आपला "बरं झालं" म्हणून डोळे मिटायचा.

काठी टेकत कामावर परतला तो आधी गाडीपाशी गेला. हँडल घातलं, जोर लावला. हललं नाही. तेल ओतून वाट पाहिली, हँडलला लांब पाइप लावून जावयासोबत रेटलं. ढिम्म. प्लग काढून आत तार घातली, तर ती गंजाने लाल होऊन बाहेर आली. संपलं होतं.

जावई मान खाली घालून म्हणाला, "एक-दोनदा फिरवलं, मामा. मग म्हटलं, लोखंडाला काय कळतंय."

हँडल त्याच्या डोक्यात घालावं असं मास्तरला वाटलं. पण खरं बोललं तर याची नोकरी जाणार, आणि मुलीचं घर तेवढ्यावर चाललेलं. तो तडक साहेबांच्या खोलीत गेला आणि सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं. पडायच्या आधी तेल सोडायचं आपणच विसरलो, इंजिन जाम झालं, आता ते कधीच सुरू होणार नाही, असं त्याने सांगून टाकलं. साहेब आरडाओरडा करतील, कामावरून काढतील, अशी मनाची तयारी करूनच तो आला होता.

साहेबांनी कागदांतून मान वर केली. "अहो, बरंच झालं की. तो धूर, तो आवाज, नुसत्या तक्रारी यायच्या. लोक फोटो काढायला येतात, इंजिन कोण बघतं? तिला जरा रंग मारून घ्या."

मास्तर तिथेच उभा राहिला. इतकी वर्षं दर आठवड्याला आपण काय करत होतो, हे कुणाला तरी विचारावं असं त्याला वाटलं.

"आणखी काही?" साहेबांनी विचारलं.

"नाही," तो म्हणाला.