विद्युल्लताबाईंचं पाण्यावरचं घर

बेळगावच्या अनगोळात विद्युल्लताबाईंना ओळखत नाही असं घर सापडायचं नाही. थंडी पडली की गल्लीतल्या निम्म्या पोरांच्या अंगावर त्यांनी किंवा त्यांच्या हाताखाली शिकलेल्या बायकांनी विणलेले स्वेटर दिसत. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचा विणकामाचा वर्ग चाले. दुपारची आवराआवर करून अनगोळ-वडगावच्या बायका यायच्या आणि टाके घालता घालता कुणाची मुलगी परत आली, कुणाचा जावई घरी बसला, हे सगळं निघायचं. बाई ऐकून घ्यायच्या. या बोलण्यात आपल्या घरचं नाव कधी येऊ नये, एवढंच त्यांना वाटायचं.

आणि नेमकी त्यांच्या नवऱ्यानं होडी घेतली.

शरच्चंद्र उद्यमबागेतल्या एका कारखान्यात फोरमन होते. निवृत्त झाल्यावर गोव्यात मित्राकडे गेले आणि मांडवीच्या काठी चिखलात कलंडलेली जुनी शिडाची होडी बघून आले. मालकाला ती नकोशीच झाली होती. मग दोन वर्षं जाऊन-येऊन त्यांनी ती दुरुस्त केली. बाईंना वाटलं, नाद आहे, हात दुखायला लागले की सुटेल. पण एकदा जेवताना ते म्हणाले, "विद्या, मला तिच्यावर राहायचंय. तू आलीस तर दोघं राहू."

"आणि हे घर?"

"श्रीनाथ आहे की. सूनबाई आहे. आपण येत-जात राहूच."

मुलगा श्रीनाथ नुसता हसला. सून रचना म्हणाली, "जाऊन तर बघा आई." बाई गेल्या. पण शेजारीपाजारी सांगितलं, "यांना गोव्यात काम मिळालंय. कंपनीनं फ्लॅट दिलाय." थाप इतक्या सहज तोंडातून निघाली की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

होडीवर पहिले काही आठवडे वाईट गेले. लोकर दमट व्हायची, सुया गंजून पांढऱ्या टोपऱ्यावर तांबूस डाग पडायचे. मग त्यांनी बांबूच्या सुया आणल्या, लोकर घट्ट झाकणाच्या डब्यांत भरली. संध्याकाळी फोनवर नात शाल्मली दिसायची आणि ओरडायची, "आजी, तुझं घर हलतंय!" दर महिन्याला दोघं चोर्ल्याच्या घाटानं बेळगावला येत. आठवडाभर वर्ग, घरचे सणवार, नातेवाइकांची लग्नं-बारशी उरकून परत जात. खरं सांगायचं तर होडीवरची सकाळ बाईंना आवडायला लागली होती. पण ते त्या कुणाजवळ बोलल्या नाहीत. गल्लीत कुणी विचारलं, "कितव्या मजल्यावर हो फ्लॅट?" तर "तिसऱ्या" म्हणायच्या.

एकदा असेच बेळगावला आले असताना वर्ग भरला होता. शरच्चंद्र आतल्या खोलीत मिक्सर उघडून बसले होते. वडगावच्या दिपालीनं मोबाइल पुढे केला. "हे बघा की, काल आलंय."

नदीतून जाणाऱ्या कुठल्याशा बोटीतून कुणी पर्यटकानं व्हिडिओ काढला होता. एक म्हातारा फाटक्या बनियनवर होडीच्या कडेला लोंबकळून रंग खरवडत होता. वर सावलीत एक बाई मान खाली घालून विणत बसली होती.

"अगं बया," नागुबाई म्हणाल्या. त्या वर्गात सगळ्यांत वडील. "घरदार न्हाय वाटतं बिचाऱ्यांस्नी. पोरांनी काढलं असंल भाईर."

दिपाली निरखून बघत म्हणाली, "बाई, तुमच्यासारख्याच दिसत्यात की वं!"

"काहीतरीच काय तुझं!" बाई हसल्या. "असल्या फाटक्या माणसाबरोबर मी कशाला राहीन?"

सगळ्या हसल्या. आत स्क्रू-ड्रायव्हरचा आवाज थांबला.

थोड्या वेळानं शरच्चंद्र बाहेर आले. "काय नागुबाई, बरं आहे ना?" असं विचारून, चपला घालून निघून गेले. दिपालीनं त्यांच्या पाठीकडे बघितलं, हातातल्या मोबाइलकडे बघितलं आणि तो हळूच पिशवीत टाकला. त्या दिवशी वर्ग लवकर सुटला.

संध्याकाळी ते पिशवी भरत होते. "मी उद्या पुढे जातो. तू राहा आठवडाभर."

"अहो, मी ते उगीच..."

"बनियन फाटकं होतं खरं," ते म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बाईंना भांडता आलं असतं.

बाई भाकरी करायला गेल्या, तेव्हा रचना स्वयंपाकघरात सासूजवळ येऊन उभी राहिली. "आई, एक बोलू? लोक मला विचारतात, सासूसासऱ्यांना कुठं धाडलंस म्हणून. मी फ्लॅटचं सांगते. शाल्मलीनं शाळेत आजीची होडी म्हणून सांगितलं, तर तिलाही आपण गप्प केलं. आता ती मलाच विचारते, आजीनं काय चूक केलीय का?"

बाईंना भाकरी थापवेना. पीठ तसंच ठेवून त्या हात धुऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी सुया हातात घेतल्याच नाहीत. "कालच्या त्यात आम्हीच होतो," त्या म्हणाल्या. "पोरांनी नाही काढलं. आम्ही आपण होऊन राहतो होडीवर. फ्लॅट-बिट काही नाही. मी खोटं बोलले."

नागुबाईंनी मान वर केली नाही. "आमास्नी कालच कळलं व्हतं बाई. सायबांच्या तोंडाकडं बघवंना झालतं."

होडीला हसतील, नाकं मुरडतील, अशी बाईंनी मनाची तयारी केली होती. पण होडीचं त्या बायकांना काहीच नव्हतं, लागलं होतं ते कालचं बोलणं. पदरानं तोंड पुसायचं निमित्त करून बाई उठून आत गेल्या. परत आल्या तेव्हा दिपालीनंच विषय काढला, "पाण्यावर भ्या वाटत न्हाय व्हय बाई?"

"वाटतं. वारा सुटला की लई वाटतं," बाई म्हणाल्या. मग हळूहळू एकेकजण विचारू लागली: न्हाणीचं काय, गॅस कसा, कपडे कुठं वाळवता? त्यांनी सगळं सांगितलं.

आठवडा संपायच्या आत त्या गोव्याला निघाल्या. शरच्चंद्र छोटी होडी घेऊन धक्क्यावर आले होते. भर उन्हात अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. बाहीवर ताजा रंग लागला होता, म्हणजे त्याच शर्टात काम चाललं होतं.

"मी वर्गात सगळं सांगितलं," होडीत बसताना बाई म्हणाल्या.

"बरं केलंस."

"तुमची माफी..."

"सांभाळून बस, लाट येतेय."

बाईंनी दोनदा सांगितलं, शर्ट काढा, उकडतंय. "असू दे, सवय झाली," एवढंच ते म्हणाले.

दिवाळीच्या सुट्टीत श्रीनाथ, रचना आणि शाल्मली येऊन राहिले. पोरीला पहिल्या दिवशी उलट्या झाल्या. दुसऱ्या दिवशी ती डोलकाठीला धरून उभी राहिली आणि जाणाऱ्या प्रत्येक बोटीतल्या लोकांना ओरडून सांगू लागली, "हे माझ्या आजी-आजोबांचं घर आहे!" लोक हात हलवत होते. शरच्चंद्रांनीही पूर्ण बाह्यांच्या शर्टातला हात हलवला. बाईंनीही हलवला, मात्र नवऱ्याकडे बघणं त्यांनी टाळलं.