डाव्या डोळ्याखालची काठी

उमाजीचा उजवा डोळा गेला तो गावी, लाकडं फोडताना. कुऱ्हाडीखालून चिरफळी उडाली ती थेट बुबुळात. नागपूरच्या डॉक्टरांनी खूप केलं, पण नजर परतली नाही. ऊर्जानगरच्या वीज केंद्रात तो पुन्हा कामावर रुजू झाला. वायरमन होता, आता स्टोअरमध्ये बसू लागला. त्याचं त्याला फारसं वाटलं नाही. जिवाला लागलं ते वेगळंच.

स्टाफ क्लबात स्नूकरचं टेबल होतं, आणि तिथं उमाजीच्या तोडीचा एकटा नानाजीच. उमाजी नेम धरायचा तो उजव्या डोळ्यानं. आता वाकला की पांढरी गोळी दिसायची एकीकडे आणि असायची दुसरीकडे. परतल्यावर पहिलाच फटका मारला तर काठीचं टोक गोळीवरून निसटून कापडावर आपटलं. कोणी हसलं नाही. त्यांनी हसायला हवं होतं, असं त्याला वाटलं.

रंभाला, त्याच्या बायकोला, या खेळातलं काही कळत नव्हतं. तिचं माहेर सिरोंच्याचं, गोदावरीत जाळं टाकणाऱ्यांचं. एका दुपारी पाळीवरून येऊन नवऱ्यानं घरातलं टेबल भिंतीपासून ओढलं, टॉवेलावर सोड्याची रिकामी बाटली आडवी ठेवली आणि तो वाकून खेळाची काठी बाटलीच्या तोंडात सरकवायला लागला. आत, बाहेर. टिंग!

"अजी, हे काय करून राह्यले?"

"हात सरळ करून राह्यलो. काठी काचेले लागली नाई पायजे."

"पर गोळी कुठी हाय?"

"गोळीचं मंग पाहू. मारायच्या आधी काठी अशीच मागंपुढं झुलते न, तो झुला चुकला का सारंच चुकते."

काठी आता डाव्या डोळ्याखाली आणायची होती. म्हणजे हनुवटी, खांदा, पावलं, सगळंच नव्यानं मांडायचं. अंग मात्र आपल्या जुन्याच वळणावर जायचं. टिंग वाजलं की तो सरळ उभा राही, पाय पुन्हा रोवी, पुन्हा वाके. चिडणं नाही, शिवी नाही. रंभा चुलीपाशी बसून ऐके, आणि काच वाजली की तिच्याच काळजात कळ येई.

उन्हाळा सरला, पावसाळाही गेला. एका दुपारी घर फारच शांत वाटलं. हा बाहेर गेला असेल म्हणून ती पिठाच्या हातांनीच डोकावली, तर तो तिथंच होता. काठी बाटलीत जात होती, येत होती, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी. काचेला कुठंच स्पर्श नाही. हाक मारायचीही तिला भीती वाटली.

हिवाळ्यात क्लबाचे सामने झाले. रंभा शेजारणींसोबत पहिल्यांदाच बघायला गेली. उमाजीचा अंतिम सामना नानाजीशी. एका डावात टेबलावर काळी गोळी तेवढी उरली, तीही पार दुसऱ्या टोकाला. उमाजी वाकला, काठी झुलवली आणि न मारताच उभा राहिला.

"हात कापून राह्यला याचा," मागून कोणी पुटपुटलं.

रंभाच्या मनात आलं, कापत नाही, काहीतरी वाकडं गेलंय. त्यानं पाय पुन्हा रोवले. काठी पांढरीपर्यंत गेली, मागं आली, पुन्हा गेली. मग मागं नेऊन क्षणभर थांबली, आणि सुटली. काळी गोळी लांबच्या लांब सरळ रेषेत घरंगळली आणि कडेला न शिवता कोपऱ्यातल्या जाळीत पडली. पांढरी होती तिथंच थबकली. टाळ्या पडल्या. नानाजीनं आपली काठी भिंतीला टेकवली आणि तो त्या रिकाम्या टेबलाकडे बघत राहिला.

तो डाव उमाजीचा झाला, पण सामन्याचा निर्णायक डाव नानाजीनंच जिंकला. उमाजीनं हसत त्याचा हात धरला.

घरी जाताना रंभानं विचारलं, "मधात उभे काऊन राह्यले जी?"

"झुला बिघडला होता. तसंच मारलं असतं त नशिबावर गेलं असतं."

पुढं कित्येक वर्षं उमाजी आणि नानाजी खेळले. कधी हा जिंके, कधी तो. नवा कोणी घाईघाईनं मारायला लागला की नानाजी त्याला बाजूला ओढायचा आणि म्हणायचा, "थांब जरा. उमाजीभाऊ वाकून राह्यले, त्याईले पाह्य."