भाषणात मारलेला बाप

आमच्या वक्तृत्व क्लबात बोलणाऱ्यापेक्षा घड्याळाला मान जास्त. रविवारी सकाळी एका शाळेच्या वर्गात वीसेक माणसं जमायची. बँकेतले काही, दोन वकील, एक दाताचे डॉक्टर आणि वाळूजच्या कारखान्यात माल तपासणारा मी. पाच मिनिटं झाली की मागच्या बाकावरून हिरवा कागद वर व्हायचा, सहाला पिवळा, सातला लाल. लाल कागदानंतर बोलत राहिलात तर स्पर्धेतून बाद. एक जण तुम्ही ‘म्हणजे’ आणि ‘काय आहे की’ किती वेळा म्हणालात ते वहीत टिपत बसायचा. भाषण संपलं की दुसरा कुणी उठून काय कमी पडलं ते तोंडावर सांगायचा, आणि लोक ते हसत ऐकून घ्यायचे. घरी बायकोनं तेच सांगितलं असतं तर महाभारत झालं असतं.

मी तिथं गेलो ते साहेबांसमोर तोंड उघडता यावं म्हणून. बढतीच्या मुलाखतीत दोनदा माझी दातखीळ बसली होती. वर्षभरात ती सुटली, आणि इतकी सुटली की मला स्पर्धेची हाव लागली. सदस्यांची स्पर्धा दरवर्षी असायची. आधी क्लबात, मग शहरातल्या सगळ्या क्लबांची, मग पुण्याला. एकच नियम जाचक होता, जिंकलेलं भाषण पुढच्या फेरीतही तेच करायचं.

माझं भाषण वडिलांवर होतं. ते खुलताबादच्या पलीकडं डोंगरात मेंढरं राखायचे. संध्याकाळी कळप मुक्कामाला आला की ते मोजायचे नाहीत, नुसते बघायचे आणि कोण आलं नाही ते सांगायचे. एका पावसाळ्यात एक गाभण मेंढी मागं राहिली. वडील पावसातच तिला शोधायला ओढ्यात उतरले, तिला खांद्यावर घालून घरी आणलं, दोन दिवस तापानं फणफणले आणि तिसऱ्या दिवशी भाकरी बांधून पुन्हा रानात गेले. एवढीच गोष्ट.

सरावाच्या वेळी ती ऐकून एक वकील म्हणाले, सगळं छान आहे, पण शेवट पडतो, ऐकणाऱ्याच्या हाताला काही लागत नाही. मला ते पटलं. क्लबातल्या फेरीत मी वडिलांना ओढ्यातून परत येऊच दिलं नाही. पूर आला, मेंढी गेली, बापही गेला. लोक डोळे पुसत होते. मी पहिला आलो. बँकेतल्या एक बाई जवळ येऊन म्हणाल्या, एवढं दुःख पोटात ठेवून तुम्ही नेहमी हसतमुख असता. खरं सांगायची वेळ तीच होती. मी मान खाली घातली आणि सांत्वन घेतलं.

शहराची फेरी होती त्याच आठवड्यात वडील मोतीबिंदू दाखवायला आमच्याकडं आले. भाषण मी घरी कधी म्हणून दाखवलं नव्हतं. ते सासऱ्यांवर आहे, एवढंच बायकोला ठाऊक. म्हाताऱ्याला बरं वाटेल म्हणून मला न सांगता ती त्यांना रिक्षात बसवून घेऊन आली. मला दिसले तेव्हा ते धुतलेला पटका बांधून, मांडीवर घोंगडी घेऊन दुसऱ्या रांगेत बसले होते. माझ्या आधी दोन वक्ते उरले होते.

म्हणजे माझ्यापाशी चौदा मिनिटं होती. खरा शेवट मला पाठ होता, तो म्हणायला काही लागलं नसतं. पण आमच्या क्लबातले पंधरा जण समोर बसले होते आणि त्यांच्या लेखी माझा बाप मेलेला होता. खोटारडा ठरलो असतो तर पुणं गेलं असतं आणि क्लबही. वडिलांचं काय, घरी गेल्यावर समजावून सांगू, असं मी ठरवलं. आज हे लिहिताना मला माझी किळस येते. तेव्हा मी अगदी शांत होतो.

भाषण उत्तम झालं. लाल कागदाला चार सेकंद राखून मी वडिलांना बुडवलं. टाळ्या पडल्या. वडीलही वाजवत होते, बाकीचे थांबल्यावरही जरा वेळ. बायको भिंतीकडं बघत होती.

पहिलं बक्षीस घेऊन खाली आलो तर बँकेतल्या बाई माझ्या आधीच वडिलांपाशी पोचल्या होत्या. आपण यांचे कोण, असं त्यांनी विचारलं. आता संपलं, असं मला वाटलं. वडिलांनी माझ्याकडं पाहिलं, कळपाकडं बघायचे तसं.

"गावाकडचा हाय मी," ते बाईंना म्हणाले. "ह्याच्या बापाला वळखत व्हतो."

कसे होते ते, असं बाईंनी विचारलं. साधा माणूस व्हता, एवढंच वडील म्हणाले.

परतताना रिक्षात मी बोलायला लागलो. स्पर्धा म्हटलं की थोडं वाढवून सांगावं लागतं, लोकांना तसंच आवडतं, असं काहीबाही. वहीवाला बरोबर असता तर त्याची वही भरली असती. वडिलांनी हात वर करून मला थांबवलं.

"माझं ऱ्हाऊ दे. मी म्हातारा, आज नाय तर उद्या जायाचाच. पर मेंढी म्या घरी आणली व्हती, जित्ती. ते तरी सांगायचं. लोकायला वाटलं आसंल, ह्याला एक मेंढरू बी संभाळता आलं नाय."

दुसऱ्या दिवशी पुण्याला माझं नाव पाठवू नका म्हणून मी क्लबात कळवलं. त्यांनी कारण विचारलं. वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, हे कारण खरं होतं, पण ते द्यायची सोय मी ठेवली नव्हती.