जिन्यावर थबकलेला भुंगा

गल्लीच्या तोंडाशी फोटोंना फ्रेमा करून देणारा एक माणूस राहायचा. ऊठसूट 'का?' विचारायची त्याला खोडच होती, म्हणून अख्खी गल्ली त्याला 'का-काका' म्हणे. खाली दुकान, वर दोन खोल्या, मध्ये उभट लाकडी जिना. मुलगी लग्न होऊन लांब गेली होती. घरात उरले काका, त्यांची बायको आणि भुंगा नावाचा काळा कुत्रा.

भुंगा आता म्हातारा झाला होता. हनुवटी पांढरी पडली होती आणि डोळ्यांत काचेच्या गोटीसारखी निळसर झाक आली होती. एका संध्याकाळी काकांनी खालून हाक मारली, तर तो वरच्या पायरीवर येऊन थबकला. एक पाय पुढे केला, हवेतच धरला, मागे घेतला आणि कुईकुई करू लागला.

"गुडघे गेले असतील," बायको म्हणाली. "माझे गेले तेव्हा मला नाही कुणी उचलून आणलं!"

"अगं, पण गुडघे गेले तर सकाळी कसा उतरतो?"

"अहो, कुत्रा आहे तो, कोडं नाही."

पण काकांना चैन कुठली? दुसऱ्या दिवशी लख्ख उजेडात त्यांनी काच पुसायच्या कापसाचा बोळा भुंग्यासमोर अलगद सोडला. मान लगेच वळली. दिवेलागणीला, दिवा न लावता, तोच बोळा पुन्हा सोडला. भुंगा ढिम्म. मग काका स्वतःच जिन्याच्या तोंडाशी पालथे पडले आणि हनुवटी जमिनीला टेकवून खाली बघू लागले. पायऱ्या सगळ्या एकमेकींत विरघळून गेल्या होत्या. धुतलेले कपडे घेऊन येणारी बायको त्यांच्यावर धडपडता धडपडता वाचली.

"आता दोघांनाही डॉक्टरकडे नेते," ती करवादली.

जनावरांच्या डॉक्टर तरुण होत्या, पण घाई करणाऱ्या नव्हत्या. काकांनी बसायच्या आत विचारलं, "मोतीबिंदू ना? काढता येईल?"

"मोतीबिंदू नाही. वय झालं की डोळ्यातलं भिंग घट्ट होतं, त्याची ही निळी झाक. तिच्यातून बऱ्यापैकी दिसतं." त्यांनी खोलीत अंधार करून बॅटरी लावली. "दुखणं मागच्या पडद्याचं आहे. बाहुली बघा, एवढ्या प्रकाशातही मोठीच. अंधारातलं दिसणं आधी जातं, मग हळूहळू दिवसाचंही."

"का?"

"पडदा झिजत जातो. बहुधा उपजतच असतं ते. औषध नाही."

"दुखतं का त्याला?"

"नाही."

"आपल्याला दिसत नाहीये, हे कळतं का त्याला?"

डॉक्टरांनी बॅटरी खाली ठेवली. "हे मात्र मला नाही सांगता येणार, काका."

परतताना काकांनी एकदाही 'का?' विचारलं नाही. बायकोला त्याचीच धास्ती वाटली. "बोला की हो काहीतरी," ती म्हणाली. काकांनी बाहीने डोळे पुसले.

घरी आल्यावर मात्र दोघं कामाला लागली. भिंतीला टेकवलेल्या काचा माळ्यावर गेल्या. जिन्यात मोठा दिवा आला. वरच्या पायरीवर बायकोने जुन्या सतरंजीचा तुकडा ठोकला, म्हणजे पायाला कळावं की इथून उतार आहे. दर दोन महिन्यांनी पलंगाची दिशा बदलायचा तिचा छंद होता, तोही तिने मुकाट्याने सोडला.

वर्षभरात भुंग्याला दिवसाही दिसेनासं झालं. सुरुवातीला तो टेबलाच्या पायांवर आपटायचा, रुसून कोपऱ्यात बसायचा. मग सावरला. घरात नाकाने वाट काढत बिनधास्त हिंडू लागला. बाहेर पडला की फिरणं मात्र पूर्वीच्या दुप्पट वेळ चाले, कारण प्रत्येक खांब, प्रत्येक उंबरा त्याला नीट हुंगायचा असे. काका दोरी सैल सोडून शेजारी उभे राहत. एकदा गल्लीतला शिंपी आपल्या दुकानातून डोकावून म्हणाला, "दिसत नाही ना त्याला? मग त्या कोपऱ्यात एवढं काय सापडलंय?"

"तेच बघतोय," काका म्हणाले आणि गुडघ्यावर हात टेकून भुंग्याच्या नाकाशेजारी वाकले.