मागून चालणारा वाटाड्या

पोळा झाला, त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी सटवाच्या पोटात दुखायला लागलं, आणि त्या दुखण्याचं कारण होती त्याची स्वतःची बायको, चतुराबाई.

आता बायकोवर कुणी जळतं का, सांगा! भावकीवर जळावं, शेजाऱ्याच्या बैलजोडीवर जळावं, ते निदान रीतीला धरून असतं. पण सटवाचं सगळंच जगावेगळं. लिंबागणेशच्या वरच्या डोंगरात, पहिल्या तळ्याच्या काठाला त्याचं पाल. वय बासष्ट. जन्म मेंढरांमागं झाला, लग्नसुद्धा मेंढरं चारून आल्यावर संध्याकाळी लागलं. मोठा कळप घेऊन पोरगा बजरंग बारा महिने गंगथडीला, गोदावरीकाठी असलेला, म्हातारा-म्हातारीजवळ तीस मेंढ्या आणि एक घोडी उरलेली. बरं चाललं होतं त्यांचं.

तेवढ्यात ही तेजश्री उपटली. नेकनूरच्या विजयसिंहांची पोरगी, मोठ्या बागायतदाराची. पुण्याला नोकरी करते, आणि रविवारी माणसं गोळा करून ह्या डोंगरात आणते. वर ओळीनं तीन तळी आहेत. माणसं पाठीवर ही थोरली सॅक बांधून पहिल्या तळ्यापासून तिसऱ्यापर्यंत पायी जातात, तिथं भाकरी खातात, परत येतात, आणि ह्या खुळेपणाचे वर पैसे भरतात. ट्रेक म्हणतात त्याला. सटवानं हा शब्द ऐकला तेव्हा त्याला हसूच फुटलं. "आरं, आमी जलमभर तेच केलं की बे," तो मांजरसुंब्याच्या ढाब्यावर गड्यांना म्हणाला. "आमाला कुणी एक रुपाया दिला न्हाई."

हसू फार टिकलं नाही. तेजश्रीला वाट दाखवायला जाणतं माणूस पाहिजे होतं. ती पालावर आली, चहा प्याली, आणि सटवा फेटा सारखा करून बसला तर ती त्याला ओलांडून चुलीकडं वळली. "चतुरामावशी, तुम्ही याल का आमच्याबरोबर?"

झालं! त्या दिवसापासून चतुराबाईची चंगळ. चार रविवार ती पुढं आणि पुण्याची, बीडची शिकलेली माणसं मागं. मावशी हे कोणतं झाड, मावशी इथं बसू का, मावशी एक फोटो. एकदा तिनं एका पोरीची सॅक खाली उतरवून सगळी रिकामी केली आणि पुन्हा भरून दिली. "जड सामान पाठीला चिकटून ठेवावं माय, अन् दोन्ही अंगाला सारखं. घोडीवर बिऱ्हाड लादताना एक अंग जड झालं तर घोडीची पाठ सोलती. तुजी न्हाई का सोलायची?" त्यावर सगळे वहीत लिहून घ्यायला लागले. वहीत! सटवा लांबून बघत होता. त्याला असल्या मिरच्या झोंबल्या की तो उगाच एका मेंढीला काठी घालून आला.

आणि घरी आल्यावर ती बढाईसुद्धा मारायची नाही. मारली असती तर भांडता तरी आलं असतं. मुकाट भाकरी थापायची, आणि सटवा आतल्या आत धुमसत राहायचा. आपल्यात काय कमी होतं? डोंगराचा दगड न् दगड कुणाला ठाऊक? पस्तीस वर्षं दिवाळी झाली की बिऱ्हाड हलायचं. पुरुषांनी मेंढरं घेऊन माळामाळानं, चारत चारत जायचं. बायकांनी घोडीवर संसार लादून, लेकरं-कोंबड्या घेऊन, दुसऱ्या वाटेनं मुक्काम गाठायचा. सकाळी सटवा गावाचं नाव सांगायचा आणि निघायचा. दिवस मावळायला नेमका चुलीच्या धुरावर येऊन उभा राहायचा. एकदासुद्धा चुकला नाही. आणि एवढ्या माणसाला सोडून वाटाड्या कोण, तर घोडीचा कासरा धरून सडकेनं जाणारी बाई!

शेवटी त्याला राहवलं नाही. पाचव्या खेपेला तेजश्री आली तेव्हा तो स्वतःच बोलला. "पोरी, ह्या खेपंला मी नेतो. म्या आजवर मुक्काम चुकलो न्हाई, हिला इचार."

चतुराबाईनं भाकरीवरून मान वर केली, सटवाकडं बघितलं, आणि तव्यावरची भाकरी उलटली. तेजश्रीला तर बरंच झालं. ह्या खेपेला तिसऱ्या तळ्यावर गरम जेवण द्यायचं तिच्या मनात होतं. मावशीनं घोडीवर सामान घेऊन आधी जावं, काकांनी माणसं घेऊन बाराला पोचावं, असं ठरलं. चारला मांजरसुंब्यातून त्यांची गाडी निघणार होती. सटवाला रात्रभर झोप लागली नाही. एकदा ह्या माणसांनी त्याला चालताना बघितलं की चतुराबाईचं नाव कोण काढतंय!

रविवारी सकाळी बावीस माणसं जमली. सटवानं लाल फेटा बांधला, काठी घेतली, आणि सगळ्यांच्या मागं जाऊन उभा राहिला.

माणसं थांबली. तोही थांबला.

"काका, पुढं या ना," तेजश्री म्हणाली.

"म्या पुढं आलो तर मागं कोण ऱ्हातंय ते कुणी बघायचं?" सटवा म्हणाला, आणि काठी उगारून त्यानं तोंडानं 'हुर्र' केलं. बीडच्या एक डॉक्टरीणबाई घाबरून चालायलाच लागल्या. मग बाकीचेही निघाले.

त्याचं काही चुकत होतं असं त्याला वाटायचं कारणच नव्हतं. जलमभर त्याच्यासमोर पाठीच होत्या. बँकेतला एक तरणा गडी सगळ्यांत पुढं होता, तो मोकळं दिसेल तिकडं वळायचा आणि कळप त्याच्यामागं. सटवा मागून एकजण इकडं फुटला तर त्याला वळव, दुसरा मागं रेंगाळला तर त्याला हाक, असं करत होता. हिरवं गवत लागलं की त्याची चाल आपोआप मंदावायची. दुसऱ्या तळ्यावर त्यानं सगळ्यांना पाणी दाखवलं आणि चांगला तासभर बसवलं. ऊन चढलं तसं लिंबाच्या सावलीला पुन्हा बसवलं. "उन्हाचं चालू नये," तो म्हणाला. माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसली. ऊन कललं, वारा सुटला, आणि मेंढरं वाऱ्याला तोंड देऊन चारावीत तशी त्यानं सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडं करून दिली.

दोन वाजले तेव्हा ते एका खोऱ्याच्या तोंडाशी होते. समोर खोल घळ, आणि घळीच्या पलीकडं, उन्हात लखलखणारं तिसरं तळं. बाटल्या रिकाम्या. खाली एक डबकं होतं, त्यावर हिरवी साय.

"काका, तिकडं जायची वाट कुठंय?" बँकेतल्या गड्यानं विचारलं.

"ह्यीच की. अशा अंगानं चारत... म्हंजी चालत गेलं की दिस मावळायला बराबर पोचतो आपण."

"दिवस मावळायला?" तेजश्रीचा चेहरा उतरला. डोंगराच्या ह्या अंगाला तीही कधी आली नव्हती. "काका, चारला गाडी आहे. जवळची वाट नाही का?"

जवळची वाट! सटवानं घळीकडं बघितलं. ह्या डोंगरातला बाभळीचा काटा न् काटा त्याच्या ओळखीचा होता, पण जवळची वाट त्याला कधी लागलीच नव्हती. मेंढराला कशाला पाहिजे जवळची वाट? डॉक्टरीणबाई दगडावर टेकल्या आणि पुटपुटल्या, "मावशी असत्या तर..."

ते त्याच्या काळजात घुसलं. आणि नेमकी तेव्हाच खालच्या घळीतून घोडी वर आली. घोडीवर भाकरीची टोपली, पाण्याचे दोन कॅन, आणि कासरा धरून चतुराबाई. सगळे ओरडत उठले आणि तिच्याकडं धावले. एकानं तर टाळ्या वाजवल्या. आली मला खाली बघायला लावायला, सटवा मनात म्हणाला. मुद्दाम आली. बघ कशी मिरवतीय!

ती मिरवत नव्हती. तिनं सगळ्यांना पाणी दिलं, भाकरी-पिठलं वाढलं. "ह्या घोडवाटंनं अर्ध्या तासात सडकंला लागताल, तितनं गाडी लई लांब न्हाई," असं सांगून तेजश्रीचा जीव भांड्यात पाडला. मग सगळ्यांत शेवटी एक भाकरी घेऊन ती सटवाजवळ येऊन बसली.

"तुला कसं कळलं आमी हितं हावोत?" त्यानं तिच्याकडं न बघता विचारलं.

"ऊन कलल्यावर वारा इकडनं सुटला. मंग तुमी दुसरीकडं कुठं जाणार?"

"म्या वाट चुकलो न्हाई."

"चुकला म्हणलं का मी?"

"म्या कवाच मुक्काम चुकलो न्हाई. रोज सकाळी सांगून निघायचो, अन् सांजंला नेमका तितंच यायचो."

चतुराबाईनं पदरानं तोंड पुसलं. सांगावं का नको, असं तिचं झालं असावं. पण दिवसभराच्या उन्हानं तीही दमली होती.

"आवं, तुमी सकाळी ज्या गावाचं नाव घ्यायचात, त्या गावाला तुमी पोचलात कवा?" ती म्हणाली. "तुमी निघालात की मी वारा बघायची. गवत कुठं हाय ते बघायची. सांजंला तुमी कुठं निघाल ते ताडायची, अन् तुमच्या आदुगर तितं जाऊन चूल मांडायची. मुक्काम पडायचा माळावर, गाव कोण बघाय जातंय!"

सटवाचा घास हातातच राहिला. "रोज?"

"रोज."

"पस्तीस वरसं?" त्यानं घास परत भाकरीवर ठेवला. "मंग बोलली कावून न्हाईस?"

"धूर दिसला की तुमी लई खुशीत यायचात," चतुराबाई म्हणाली, आणि घोडीवर टोपली बांधायला उठली.

माणसं सॅक चढवून तिच्यामागं घळीत उतरायला लागली. त्या घटकेला सटवाला तिचा जेवढा हेवा वाटला, तेवढा आधीच्या चारही रविवारांत मिळून वाटला नव्हता.