बांबूच्या टोकावरचा धूर

आमच्या घरात उभं राहणं जमत नसे. एकच खोली, खिडकी नाही, चूल आत. धूर छपराच्या कवेलूखाली साचायचा आणि उभ्या माणसाच्या डोळ्यांत जायचा. म्हणून आम्ही बसूनच वावरायचो. बाबा तलावात मासे धरत, आई ते लाखनीच्या बाजारात विकत असे. तलाव आटला की चूल थंड. मग घरात उभं राहता यायचं, पण त्याचा आनंद कुणालाच नव्हता.

गोंदिया जिल्हा वेगळा होऊन बरीच वर्षं झाली होती, तेव्हा मी भंडाऱ्याला वसतिगृहात राहून एम.एस्सी. करत होते. शेवटच्या वर्षी सरांनी प्रकल्प दिला. हवेतले काळे कण ऊन शोषतात. ते जमिनीलगत असले तर आपल्याभोवतीची हवा तापते; वर थर धरून बसले तर वरची हवा तापते आणि खाली ऊन कमी पोचतं. "अख्ख्या प्रदेशाचं उपग्रह बघतात, तू तुझ्या गावापुरतं मोज," सर म्हणाले. मला हसूच आलं. हे तर आमच्या घरातलंच!

हिवाळ्यात सकाळी चुलींचा आणि धानाच्या पेटवलेल्या धसकटांचा धूर तलावाच्या थोडा वर सपाट थर धरतो. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मी त्या थरात टोक पोचेल असा उंच बांबू रोवला. वायरवाले थर्मामीटर, एक खाली, एक टोकाला. वरचं चढवायला दोरी. दोन्हींचे आकडे कॉलेजने दिलेली नोंद ठेवणारी डबी आपोआप लिहायची. मी रविवारी दुपारी जाऊन ते आणायचे.

पहिला आठवडा ठीक. मग धुरातही वरची हवाच रोज थंड! मी खूश. पुस्तक चुकलं, मी बरोबर. तसाच प्रकल्प लिहिला. सरांनी वाचला आणि परत दिला. "तोंडी परीक्षेला दहा दिवस आहेत. आधी सकाळी जाऊन बांबू बघ. नाहीतर वर्ष गेलं."

पहिल्या गाडीने गेले. बांबूच्या टोकाला, माझ्याच दोरीने चढवलेलं, थर्मामीटरला लपेटून त्याला गार करणारं ओलंचिंब जाळं.

"काहून जी बाबा, इथं जाळं वाळवून राहिले?"

"रिकामा बांबू दिसला मले. त्याच्यावर जाळं नाही टाकाचं त काय झेंडा लावाचा?"

आई पाळीवर बसून हसत सुटली. "घे माय! तुह्या बापानं आभाळ बी गार केलं!"

यानं माझं वर्ष जाऊ शकतं हे बाबांना समजलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवसापासून ते पहाटेच बांबूखाली बसायचे. जाळं घेऊन कुणी आलं की ओरडायचे, "तिकडं टाका बे! इथं आभाळ मोजून राहिलो!"

आठवडाभराचे आकडे स्वच्छ आले. धुराच्या सकाळी, धूर नसलेल्या सकाळींपेक्षा, टोकाची हवा गरम आणि खालची थंड. पुस्तक बरोबर होतं. तोंडी परीक्षेत मी जाळ्याची चूकही सांगून टाकली. परीक्षक पोट धरून हसले.

मी पास झाले. आमच्या घरात कॉलेज पुरं करणारी मी पहिली.