दगडफुलाचा शेक

आमच्या मसाल्यात दगडफूल पडायचं ते चिमूटभर. पण बाबांच्या मुतखड्यासाठी आई तेच ओंजळीनं उकळायची, आणि मग सगळी गल्ली नाक वर करायची. "काय वं, आज मटण काय?" शेजारची काकू भिंतीवरून विचारायची. आमच्याकडे चातुर्मासात कांदासुद्धा बंद, आणि म्हणे मटण! मला असा राग यायचा! पण काकूचं तरी काय चुकलं? नागपुरात तो वास आला की माणसाला दगडफूल घातलेला सावजींचा तर्रीवाला मटणाचा रस्साच आठवतो.

तेव्हा राज्य इंग्रजांचं, आणि बाबा मध्यप्रांताच्या सेक्रेटरिएटात कारकून. डॉक्टरांनी पोट फाडायचं म्हटल्यावर त्यांनी दुरूनच हात जोडले. मग महाल भागातल्या वैद्यांनी हा शेक सांगितला. दगडफूल उकळायचं, वाटायचं, फडक्यात बांधून गरमागरम कमरेवर धरायचं, म्हणजे लघवी मोकळी होते. इतवारीच्या बाजारातून पुडी आली की माझी मोठी बहीण, ताई, सूप घेऊन ओसरीवर बसायची. करड्या पापड्यांना चिकटलेल्या झाडाच्या साली ती एकेक काढायची आणि मी शेजारी बसून उगाच तिचं डोकं खायची. किती सुखाच्या दुपारी होत्या त्या! आता वाटतं, एक तरी परत मिळावी.

माझी नात रसायनशास्त्र शिकते. ती म्हणते, दगडफूल हे फूल नाहीच, बुरशी आणि शेवाळ यांनी मिळून मांडलेला संसार आहे. त्यातली आम्लं जंतू मारतात म्हणे, त्यावर अभ्यास चालू आहे. "आणि मुतखडा?" मी विचारलं. "तसं काही सिद्ध नाही, आजी." नसू दे बाई! बाबांची कळ त्यानं उतरताना मी डोळ्यांनी पाहिली आहे.

तर एकदा वर्ध्याहून ताईला पाहायला पाहुणे आले. मुलगा शाळेत मास्तर. त्याचा फोटो पाहून ताई अशी लाजली होती, की आम्ही काय ते समजलो. बैठकीत पानसुपारी चालली होती आणि बाबा एकदम उठून आत आले. दाराची चौकट धरून उभे राहिले, कपाळावर घाम. आई भांड्याकडे वळली तशी त्यांनी हात आडवा केला.

"खबरदार! आज नाही. त्यांच्या नाकात वास गेला तर पोरीचं वाटोळं होईल."

"अहो, पण कळ..."

"सोसतो मी. पाहुणे जाऊ दे."

आई बिचारी भांडं हातात घेऊन नुसती उभी. तिला ना नवरा टाकवे, ना पोर. ताई कोपऱ्यात बसली होती, नवं लुगडं, केसात शेवंती. ती उठली, आईच्या हातातलं भांडं घेतलं, चुलीवर ठेवलं आणि डब्यातलं सगळं दगडफूल त्यात उपडं केलं.

"काय करून राहिली तू? वेडी झाली काय?" बाबा दबक्या आवाजात ओरडले.

"बाबा, तुम्ही चटईवर पालथे पडा पाहू," ती म्हणाली.

व्हायचं तेच झालं. ताई बैठकीत पाटावर बसली न बसली, तोच मुलाच्या आईनं पदर नाकाला लावला. "तुमच्याकडे शिजून काय राहिलं वं?" आमच्या आईनं खरं ते सांगितलं, पुडीसुद्धा आणून दाखवली. बाई हसल्या. "असेल बाई, असेल." त्या 'असेल'नं माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अजून होतो!

नकार आला. 'मुलगी ठीक आहे, पण घरात मटण खाणं चालते' असा निरोप. कळ सोसताना हूं की चूं न करणारे बाबा त्या दिवशी ढसाढसा रडले. मी वर्ध्याला जातो, त्यांच्यापुढे उकळून दाखवतो, म्हणू लागले. ताईनं त्यांची टोपी खुंटीवरून काढूच दिली नाही. "आईचं बोलणं ज्याहीनं खोटं मानलं, त्याहीच्या घरी मले काहून धाडता?" असं बाबांना ठणकावलं खरं, पण नंतर विहिरीवर धुणं आपटताना तिचे डोळे गळत होते. मी पाहिलं, आणि मलाही रडू फुटलं.

पुढं कामठीचं स्थळ आलं आणि जुळलं. माणसं भली होती. पाठवणीच्या वेळी टांगा दारात उभा, सगळे रडून राहिलेले, बाबा एका बाजूला तोंड फिरवून. ताईनं मला गळ्याशी घट्ट धरलं. मला वाटलं, आता काही मायेचं बोलेल. ती कानाशी म्हणाली, "तुले पाहाले लोक येतील तेव्हा बाबा नको म्हणतील. तू ऐकू नको, आधण ठेव."